इंधन घटाचा पडदा आणि आपली बगॅस



बोरी अरबच्या गटसभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, पुण्यात हायड्रोजनवर बस चालविली म्हणतात. मग आपल्या बगॅसपासून हायड्रोजन काढून वीज का करू नये?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका पातळ पडद्यात आहे.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी कंपनी यांनी २०२० मध्ये अशा मोटारीची चाचणी घेतली आणि २०२२ मध्ये बस दाखविली. इंधन घटात एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवा येते. मधला पडदा फक्त प्रोटॉन पलीकडे सोडतो. इलेक्ट्रॉनला तारेतून वळसा घ्यावा लागतो, तीच वीज. शेवटी उरते पाणी.

पडदा पॉलिमरचा, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांचा असतो. नाफिऑन या प्रसिद्ध पडद्याची मुख्य साखळी टेफ्लॉनसारखी, पाणी झिडकारणारी. तिला उसासारखे फुटवे असतात व त्यांच्या टोकाला पाणी ओढणारे सल्फोनिक आम्ल. त्यामुळे आत पाण्याचे अतिसूक्ष्म दांड तयार होतात. प्रोटॉन त्यांतूनच जातात.

आता गंमत पाहा :

१) फुटवे दाट केले तर प्रोटॉन भराभर जातात, पण पडदा फुगून भिजल्या बांधासारखा कमजोर होतो.

२) फुटवे विरळ केले तर पडदा मजबूत, पण दांड तुटतात, वीज घटते.

३) पडदा पातळ केला तर अडथळा कमी; पण वायू झिरपतो.

४) उष्णता ८० अंशांच्या फार वर गेली की पाणी आटते व काम मंदावते.

दुसरा पडदा पॉलिबेंझिमिडॅझोलचा. त्यात फॉस्फरिक आम्ल मुरवितात, म्हणून तो १६० अंशांवरही पाण्याविना चालतो. दोष हा की आम्ल हळूहळू निसटते.

हा फरक आपल्या कामाचा आहे. बगॅसच्या वायूत हायड्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. कमी उष्णतेच्या घटात तो दहा लाखांत दहा-वीस भाग असला तरी प्लॅटिनम निकामी करू लागतो. जास्त उष्णतेचा घट शेकडा एक-दोन भाग सोसतो.

तेव्हा उद्या कोणी योजना घेऊन आला तर आधी विचारा : पडदा कोणता, किती अंशांवर चालतो, वायू किती शुद्ध लागतो आणि पडदा किती तास टिकतो? उत्तर लेखी मिळाल्याशिवाय भागाचा एक पैसाही गुंतवू नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी