सतरावा मोती

"बाबा, सोळाच आहेत. सतरा होते."

थोरली हे म्हणाली तेव्हा मी तिच्या उपक्रमाचा फोटो वर्गशिक्षिकांना पाठवत होतो. एप्रिल २०२०. शारजात, नवव्या मजल्यावरच्या आमच्या घरात शाळा भरत होती. ८ मार्चपासून इथल्या शाळा बंद झाल्या आणि २२ मार्चपासून वर्ग पडद्यावर सुरू झाले. माझं ऑफिस बंद. बायको नर्स, त्यामुळे तिची ड्युटी उलट वाढलेली. दुसरीतली मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा, दोघंही दिवसभर माझ्या ताब्यात. त्या आठवड्याचा विषय होता 'समुद्राखालचं जग'.

मी रत्नागिरीचा. समुद्र म्हटल्यावर अंगातच आलं. निळी जेली, प्लास्टिकचे शार्क, ऑक्टोपस, पेंग्विन आणि पाण्यात टाकल्यावर टम्म फुगणारे मणी असं सगळं घरपोच मागवलं. परातीत समुद्र सजला. पांढुरके मणी म्हणजे मोती. ते मोजून शिंपल्यांत भरायचे आणि बेरीज मांडायची, हे थोरलीचं काम. माझं काम फोटो काढण्याचं. दुसऱ्या पालकांच्या परातींपेक्षा आमची परात उजवी दिसावी, ही हौस होतीच. आता कबूल करायला हरकत नाही.

सतरावा मोती धाकट्याच्या उजव्या नाकपुडीत होता.

त्या रात्रीबद्दल

हे मणी कोरडे असतात तेव्हा मोहरीपेक्षा थोडेच मोठे दिसतात. पाणी पिऊन गोटीएवढे होतात. नाकातला, कानातला, पोटातला ओलावाही त्यांना चालतो. गिळले गेले तर आतड्यात फुगून वाट अडवू शकतात आणि साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाहीत. अमेरिकेत एका तान्ह्या बाळाचा यात जीव गेल्यावर २०२३ मध्ये अशा मण्यांचा एक खेळसंच बाजारातून परत मागवला गेला, आणि त्या वर्षअखेरीस तिथल्या बड्या दुकानदारांनी मुलांसाठी ते विकणं थांबवलं. मला २०२० मध्ये यातलं काही ठाऊक नव्हतं. पाकिटावरची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत, हा दोष मात्र माझाच.

मी चिमटा शोधत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन लागला. ती शांतपणे म्हणाली, "चिमटा ठेव खाली. आत ढकलला जाईल. पाणी, थेंब, काहीही घालू नकोस, तो आणखी फुगेल. बसवूनच घेऊन ये." रात्री आठनंतर निर्जंतुकीकरणासाठी बाहेर पडायला बंदी होती, दवाखान्यासाठी मात्र मुभा होती. रिकाम्या रस्त्यावरून गाडी चालवताना माझे हात थरथरत होते.

डॉक्टरांनी पाचेक मिनिटांत मणी काढला. त्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "एकच आहे की आणखी काही गिळलेत?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, थोरलीकडे होतं. सतरा भिजवले होते, सोळा परातीत होते. तिने बेरीज मन लावून केली होती म्हणून आम्ही रात्रीच घरी परतलो.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. परातीत तेच ठेवा जे पोटात गेलं तरी चालेल. आणि सुरुवातीला मोजा, आवरतानाही मोजा. घरात पहिलीतलं मूल असतं तेव्हा बऱ्याचदा रांगतं भावंडही असतं. उपक्रम मोठ्यासाठी आखलेला असतो, पण परातीपर्यंत हात धाकट्याचाही पोचतो.

आमच्याकडे मोत्यांची जागा आता साबुदाण्याने घेतली आहे. तोही पाणी पिऊन फुगतो, भिजला की बोटांनी चिरडला जातो, आणि खेळ संपल्यावर नव्याने भिजवलेल्याची खिचडी होते. माशांची अंडी हवी असतील तर भिजवलेला सब्जा घ्या. लहानग्याजवळ मोठं माणूस बसलेलं हवंच. पदार्थ खाण्याचा आहे म्हणून पाठ फिरवू नये. चमकणारे मासे आणले असतील तर बटणासारखा सेल असलेल्या डबीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते बघा. तो सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. आणि टबातला समुद्र खेळ संपताक्षणी ओतून टाका. तान्ह्यासाठी वीतभर पाणीही खोल असतं.

चूक दुसरीही होती

ती मला नंतर कळली. धाकटा झोपला तेव्हा थोरलीने विचारलं, "बाबा, पेंग्विन आपल्या खिडकीतून का दिसत नाहीत?"

खिडकीतून समुद्राची निळी रेघ दिसते. तेव्हा किनारे बंद होते, तरी रेघ होतीच. मी परातीत पेंग्विन ठेवले, काळोख्या खोल समुद्रातला दिवा लटकवणारा मासा ठेवला आणि त्या रेघेबद्दल एक अक्षर बोललो नाही. इथल्या आखाताची सरासरी खोली साधारण ३५ मीटर आणि सर्वांत खोल जागी ९० मीटरच्या आसपास. दिवेवाल्या माशाला इथे अंधारच सापडायचा नाही! मी समुद्र विकत आणला होता. खरा समुद्र तर घरातच होता, अगदी नळातसुद्धा. त्यानंतर जे करून पाहिलं आणि जमलं, ते सांगतो.

लिफ्टमधली खोली. ३५ मीटर म्हणजे आपल्या इमारतीचे अकरा-बारा मजले. लिफ्टने वरून खाली येताना मुलांना सांगा, आपण आखाताच्या तळाशी निघालोय. मग दोरा घ्या. एक मीटरला एक सेंटिमीटर धरला तर आखात ३५ सेंटिमीटरचं, म्हणजे कंपासच्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीहून जरासंच मोठं. होर्मुझच्या सामुद्रधुनीपलीकडे ओमानच्या आखातात खोली तीन हजार मीटरच्याही पुढे जाते. त्यासाठी तीस मीटर दोरा लागतो. आम्ही तो मजल्यावरच्या पॅसेजमध्ये उलगडला. रीळ संपलं, पण समुद्र संपला नाही. गुणाकार मी शिकवला नाही, तो दोऱ्यानेच शिकवला.

सहा रेघांची बरणी. सरळ उभ्या काचेच्या बरणीत एक लिटर पाणी आणि त्यात ३५ ग्रॅम मीठ घाला. महासागराचं पाणी साधारण एवढं खारट असतं. पाण्याच्या उंचीचे सहा समान भाग करून रेघा मारा आणि बरणी उन्हात ठेवा. इथलं ऊन फार दिवस घेत नाही. पाणी एका रेघेने उतरलं की मीठ तेवढंच, पाणी कमी. हिशोब लिटरला ४२ ग्रॅमवर जातो. आखाताचं पाणी साधारण एवढंच खारट आहे आणि कारणही हेच: ऊन भरपूर, नद्यांचं पाणी त्यामानाने थोडं, बाहेर पडायला होर्मुझची चिंचोळी वाट.

उरलेल्या खाऱ्या पाण्याचं पुढचं काम. ते मोठ्या वाडग्यात ओता, मधोमध रिकामी वाटी ठेवा, वरून प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बांधा आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवा. संध्याकाळी वाटीत थेंब जमतात. ते गोडे असतात. मग नळाकडे बोट दाखवा. या देशातलं पिण्याचं पाणी बहुतांशी समुद्राचंच, मीठ काढलेलं. आमची थोरली त्या दिवसापासून नळ घट्ट बंद करते. बरणी आणि वाडगा बाल्कनीत असेल तर मूल एकटं तिकडे जाणार नाही आणि कठड्याजवळ खुर्ची-स्टूल नसेल, एवढं पाहा.

मेथीच्या एकशे वीस जुड्या. अबू धाबीच्या पाण्यात सुमारे तीन हजार डुगाँग आहेत. ऑस्ट्रेलियानंतर जगात सर्वांत जास्त इथेच. अरबीत त्यांना समुद्रातल्या गाईच म्हणतात आणि ते नाव सार्थ आहे. तळावरचं सागरी गवत चरून जगणारा हा प्राणी दर थोड्या वेळाने श्वासाला वर येतो. दिवसाला तीसेक किलो गवत सहज फस्त करतो. घरातली मेथीची जुडी काट्यावर ठेवा. पाव किलो भरली, तर तीस किलोंना किती? शार्कच्या दातांवर थांबलेली मुलं या शाकाहारी पाहुण्यापाशी जास्त रमतात, हा माझा अनुभव.

नाखुदा आणि नाखवा. तेल सापडण्याआधी इथलं पोट मोत्यांवर चालायचं. उन्हाळ्याचे चार महिने गलबतं मोत्यांच्या शिंपल्यांवर जायची. पाणबुड्या पायाला दगड बांधून खाली उतरायचा, नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा लावायचा. दोरीला हिसका दिला की वरचा दोरीवाला, म्हणजे सैब, त्याला ओढून घ्यायचा. वल्ह्यांच्या आणि दोऱ्यांच्या तालावर गाणारा गायकही गलबतावर असे. तांडेल म्हणजे नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच शब्द. हे मोती विकायला यायचे मुंबईच्या बाजारात, आणि १९६० च्या दशकापर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. जपानने मोत्यांची शेती यशस्वी केल्यावर १९३० च्या सुमारास हा धंदा बसला.

हे सगळं सतरंजीवर खेळता येतं. सतरंजी म्हणजे गलबत, खालची फरशी म्हणजे समुद्र. दोरी हातात धरायची. कंबरेला किंवा गळ्याला मुळीच बांधायची नाही. एक हिसका म्हणजे 'ओढ', दोन म्हणजे 'थांब'. श्वास रोखण्याची शर्यत मात्र लावू नका, आणि टबात किंवा तरणतलावात तर कधीच नाही. घड्याळाचा सेकंदकाटा मोजून पाणबुड्या साधारण किती वेळ खाली राहत असेल याचा अंदाज बांधू द्या, तेवढं पुरे. आमच्या घरात या खेळाला एक ओळ चिकटली आहे: पाणबुड्या नाक बंद करून मोती काढायचा, आमच्या पठ्ठ्याने नाकातच साठवला.

तिवराचं पान. हे घराबाहेरचं, पण धडा घरीच सुरू होतो. माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावून थोरलीने विचारलं, "आजी, आपल्या खाडीत कुठली झाडं असतात?" आईने तिवर सांगितलं, चिखलातून वर डोकावणारी त्याची श्वासमुळं हाताने करून दाखवली. इथे ज्याला कुर्म म्हणतात तेच हे झाड. किनारे उघडल्यावर आम्ही खोर कल्बाला गेलो. पानाच्या पाठीवर मिठाचे कण दिसतात. झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. थोरली म्हणाली, "याची पण सहा रेघांची बरणी आहे का?"

किनाऱ्यावर जाताना तीन पथ्यं पाळा. शंख उचलण्याआधी आत कुणी राहत नाही ना ते बघा. जिवंत असेल तर होता तिथेच ठेवा, शिवाय काही शंखांतले जीव विषारी असतात. थंडीत कधी कधी समुद्रसाप वाळूवर येऊन पडतात. मेलेले वाटले तरी हात लावायचा नाही. आणि एप्रिलनंतर सकाळी लवकरच जा.

खर्चाचं बोलायचं तर दोरा, मीठ, बरणी, मेथी, सतरंजी. सगळ्या गोष्टी घरातल्याच. एका दिवशी एकच उपक्रम करा. चार मांडले की मूल भांबावतं आणि आपलं लक्ष सुटतं. माझं सुटलं होतं ते तसंच. फोटो काढायचा असेल तर पसारा आवरल्यावर, मोजदाद झाल्यावर काढा.

धाकटा आता प्राथमिक शाळेत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या वर्गातही समुद्राचा आठवडा होता. मी साबुदाणा भिजवला, त्याने शिंपले मांडले. थोरली अभ्यासाच्या खोलीतून ओरडली, "किती घेतलेस?"

"सतरा," तो म्हणाला, आणि तिने उठून येऊन मोजले.