शेवटचं गाणं आधी ऐका!

'सिटी पॉप' हे नाव ऐकलंय का? १९७० च्या दशकाची अखेर आणि १९८० चं दशक, या काळात जपानच्या शहरांत गाजलेलं हे संगीत. फंक, सोल, डिस्को यांची मिसळ. तात्सुरो यामाशिताचा 'फॉर यू' (१९८२), हिरोशी नागाईच्या चित्राचं कव्हर असलेला एइइची ओताकीचा 'अ लाँग व्हेकेशन' (१९८१), मारिया ताकेउचीचा 'व्हरायटी' (१९८४) ही त्यातली ठळक नावं. आज जगभरातले लोक यांच्या जुन्या रेकॉर्ड्स शोधत टोकियोला जातात.

मी गेलो होतो इंटर्नशिपला. निरोपाच्या दिवशी लॅबमधल्या एका ज्येष्ठ इंजिनीअरांनी स्वतःचा 'फॉर यू' माझ्या हातात ठेवला. कॉलेजात असताना पैसे साठवून घेतलेला, ओबीसकट! (ओबी म्हणजे कव्हरला गुंडाळलेली कागदी पट्टी.) "ऐकत राहा," एवढंच म्हणाले.

मी ऐकलं, सहा महिने रोज, सूटकेसच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरवर. मग एकदा सिनिअरच्या चांगल्या टर्नटेबलवर लावली. पहिलं गाणं 'स्पार्कल' ठीक वाजलं. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटी असलेल्या 'युअर आइज'मधला प्रत्येक 'स' फरफरत होता. रेकॉर्ड तर चकाचक दिसत होती. मग झालं काय?

कागद-पेन घ्या. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या खाचेची त्रिज्या साधारण १४.६ सेंमी, म्हणून सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी खाच सरकते. आत त्रिज्या ६ सेंमी होते, वेग उरतो २१ सेंमी. आता १०,००० हर्ट्झचा स्वर घ्या. बाहेर त्याची एक लाट ५१ मायक्रॉन लांब, आत फक्त २१. तेवढाच स्वर निम्म्याहून कमी जागेत! म्हणून आतल्या लाटा वाचणं सुईला अवघड, आणि त्या बिघडतातही लवकर.

त्यात सुईचा भार. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा २ ग्रॅमच्या आसपास असतो, स्वस्त सिरॅमिकचा ५ किंवा जास्त. ५ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं मलाही वाटलं होतं. पण दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण अकरावीतच शिकलो. सुईचं टोक केवढं असतं? शिकलो, पण वापरलं नाही.

तेव्हा छंद लावून घेणार असाल तर माझं ऐका:

१) आधी प्लेअर नीट घ्या, रेकॉर्ड नंतर. भार मोजायचा छोटा काटा मिळतो, तो वापरा.
२) दुकानात ऐकायला मिळालं तर दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं आधी ऐका. डोळ्यांना झीज दिसत नाही.
३) ओबीने किंमत वाढते, आवाज नाही.
४) रेकॉर्ड उभी ठेवा, उन्हापासून लांब. पीव्हीसी आपल्या मे महिन्यात बंद गाडीत वाकडं होतं.

'फॉर यू' २०२३ मध्ये एलपीवर पुन्हा निघाला. पैसे जमले की नवा घेईनही. पण त्यांनी जपलेली ती खाच काही परत येणार नाही. त्यांना अजून मी कळवलेलं नाही. हा लेख छापून आला, की अर्थ लिहून त्यांना पाठवणार आहे. बघू काय म्हणतात!