खरखर राहू दे

सदाशिव पेठ, पुणे

चि. सोनूस,


तुझी आवडत्या ध्वनिमुद्रिकांची यादी मामाने नीट वाचली. प्रत्येक नावापुढे तू पाचपैकी गुण दिले आहेस आणि ते बहुतेक सगळे आवाज किती स्वच्छ आहे यावर दिले आहेस. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ‘जमुना के तीर’ला दोन, कारण खरखर फार. त्याच ठुमरीच्या, संगणकावर घासूनपुसून काढलेल्या प्रतीला चार. गाणं शिकणाऱ्या मुलीने हा क्रम उलटा करावा, असं मामाचं स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणं सांगायलाच हे पत्र.

खरखर काही एका कोपऱ्यात बसलेली नसते. ती खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंत सगळीकडे पसरलेली असते, आणि वरच्या पट्ट्यात तिच्याबरोबरच गाणाऱ्याचे ‘स’, ‘श’, ‘त’ असतात, श्वास असतो, तानपुऱ्याच्या जवारीची झिलई असते. खरखर खरवडताना हे सगळं थोडंथोडं निघून जातं. परीक्षा सोपी आहे. दोन ओळींच्या मधली जागा ऐक. तिथे एकदम निर्वात शांतता असेल, तर समजावं की आकाराचं शेपूटही कापलं गेलं आहे. खाँसाहेबांचा स्वर संपत नाही, तो विरत जातो. पुसलेल्या प्रतीत तो जिथे थांबल्यासारखा वाटतो, तिथे न पुसलेल्या प्रतीत तो अजून चालू असतो, खरखरीच्या मागे. कान अर्ध्या मिनिटात खरखर बाजूला ठेवायला शिकतो. जे कापून टाकलं ते मात्र कुठलाही कान परत आणू शकत नाही.

आता जुन्या तबकड्यांवर नेमकं काय उतरत होतं ते बघ. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर खाच कोरायची. हा कर्णा साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पकडत नसे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून कलावंत शेवटी आपलं नाव पुकारत. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि मजल पाच हजारांच्या आसपास गेली. खाँसाहेबांच्या तबकड्या या दोन्ही काळांतल्या आहेत: काही १९०५ च्या सुमाराच्या, काही १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी गायलेल्या. दोन्ही ऐकून ‘उतारवयात आवाज गोड झाला’ असं तू लिहिलं आहेस. त्यात गळ्याचा वाटा किती आणि मायक्रोफोनचा किती, हे आधी वेगळं करायला हवं.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. विलंबित लयीत एकेक स्वर सावकाश उलगडणं हे ज्या किराणा गायकीचं वैभव, तिच्या प्रवर्तकाचं गाणं आपल्याकडे एवढ्या बोटभर आकारात आलं आहे. त्यामुळे ‘खाँसाहेब विस्तार करत नाहीत’ हे तुझं टिपण खोडून टाक. तबकडीने त्यांना विस्तार करू दिला नाही. तरीही गदगमध्ये एका दुकानात वाजणारी त्यांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ एका लहान मुलाच्या कानावर पडली आणि त्याने गाण्यासाठी घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. तबकडीने वेड लावलं, पण विद्येसाठी त्यांना कुंदगोळला खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापुढेच बसावं लागलं.

आणि हेही लक्षात ठेव की ज्यांची तबकडीच निघाली नाही असे डोंगराएवढे लोक आहेत. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे भास्करबुवा बखले, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब, यांचं गाणं आपण कधीही ऐकू शकणार नाही. तेव्हा खरखरीसकट का होईना, जे हाती आहे त्याचे गुण कापताना जरा हात आवर.

आता तबकडी मिनिटाला किती फेरे घेते त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. लेबलवर काहीही छापलेलं असो, सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. कुणी कमी ठेवले, कुणी जास्त. ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी मिनिटाला साधारण ७४ फेऱ्यांवर वाजवली की गाणं जवळजवळ अर्धा स्वर खाली उतरतं. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी एकमध्ये ऐकू येतं. लय तर मंदावतेच, शिवाय गळाही जाड होतो. नेटवर एकाच तबकडीच्या तीन प्रती तीन पट्ट्यांत सापडतात, आणि ऐकणारा म्हणतो, ‘ही प्रत जास्त भारदस्त आहे.’ भारदस्त कसली, हळू फिरते आहे! म्हणून कुठलीही जुनी ध्वनिमुद्रिका ऐकण्याआधी तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव, षड्ज कोणत्या पट्टीत आहे ते वहीत लिही, आणि दुसरी प्रत ऐकताना ते ताडून बघ.

फेरे सांगण्याची काळजी किती घेता येते ते बघ. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची, म्हणजे एक फेरा ३.६ सेकंदांचा. ही माहिती तिच्या आवरणावर आकृती काढून कोरली आहे, आणि वेळेचं माप हायड्रोजनच्या अणूवरून दिलं आहे, कारण ऐकणाऱ्याला आपले सेकंद माहीत असतील याची खात्री नाही. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई त्या वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या. त्याच्या अकराच दिवस आधी व्हॉयेजर १ निघालं होतं. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. आपल्याकडे जुनं गाणं पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्यांनी मूळ फेरे आणि पट्टी आवरणावर छापायला काय हरकत आहे, असं मामाला मनापासून वाटतं.

याहून बारीक फसवणूक तबकडीच्या भोकाची. भोक नेमकं मध्यावर नसेल तर स्वर दर फेऱ्याला वर-खाली झुलतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत हा झोका साधारण पाऊण सेकंदाचा असतो. आतल्या खाचांपाशी भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर स्वर एका प्रमाणश्रुतीहून, म्हणजे सगळ्यात लहान श्रुतीहून, जास्त हलतो. शिकणाऱ्याला वाटतं, काय सुंदर आंदोलन आहे! आणि तो ते गळ्यात बसवायला जातो. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या कामात ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी गळ्याने साथ दिली, त्यांच्या स्वराची अशी नक्कल होऊ नये. ओळखायचं कसं? स्थिर षड्जावर कान ठेव. झोका षड्जावरही आणि त्याच ठेक्यात येत असेल, तर तो भोकाचा. फक्त गांधारावर, गायकाच्या मर्जीने येत असेल, तर तो गाण्याचा. प्रत्यक्ष तबकडी समोर असेल तर सुईचा दांडा बघायचा: तो आत जाताजाता प्रत्येक फेऱ्याला डावीकडे-उजवीकडे डोलत असेल, तर भोक सरकलेलं आहे.

लाँगप्लेवर तुझा फार जीव आहे, आणि असावाच. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाल्यामुळे ख्यालाला पहिल्यांदा पाय पसरता आले. पण तिचीही एक खोड आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २०. म्हणजे तेवढाच नाद निम्म्याहूनही कमी जागेत कोंबायचा. विलंबिताची आलापी प्रशस्त कडेला बसते, आणि द्रुतातल्या सगळ्यात वेगवान ताना जिथे आवाज सर्वांत कमी शाबूत राहतो त्या आतल्या खाचांत जातात. लाँगप्लेच्या शेवटी तान किंचित फाटल्यासारखी वाटली, तर गायकाचा गळा दमला असं लगेच म्हणू नकोस.

किशोरीताई आमोणकरांच्या भूप आणि बागेश्रीच्या लाँगप्लेला तू पूर्ण गुण दिलेस, तिथे मामाचंही मत तेच. स्टुडिओतली ती नेमकी, आखीव मांडणी शिकणाऱ्यासाठी ठेवाच आहे. प्रभाताई अत्र्यांच्या मारुबिहाग आणि कलावतीच्या लाँगप्लेचंही तेच: शब्द किती स्पष्ट, आणि तरी स्वरावरची पकड कुठे सुटत नाही. या दोन्ही ध्वनिमुद्रिका मूळ तबकडीवरून किंवा चांगल्या सीडीवरून ऐक. पुढे कुणी तरी त्यांत घुमारा मिसळून ‘भव्य’ केलेल्या प्रती टाळ. घुमाऱ्यात मींडेची सुरुवात कुठे होते तेच कळेनासं होतं.

पण स्टुडिओतच राहू नकोस. पुण्याचं भाग्य असं की इथे मैफलींचं ध्वनिमुद्रण जिवापाड जपणारे लोक झाले. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने ख्यालगायकीच्या कॅसेटी काढल्या, त्या इथल्या कितीतरी घरांत अजून आहेत. १९५३ पासून आजवर सवाई गंधर्व महोत्सवात किती गाणं झालं याची कल्पनाच केलेली बरी. मैफलीच्या टेपमध्ये सूं असा आवाज असतो, कुणी खोकतं, तबल्याचा बाया कधी फार पुढे येतो. पण गायक श्रोत्यांच्या दादेवर कसा फुलतो, एखादी जागा पुन्हा का घेतो, हे तिथेच कळतं. अशी टेप मिळाली तर एवढंच विचार की ही मूळ टेपवरून केलेली प्रत आहे की प्रतीची प्रत. दर प्रतीला सूं वाढत जातं.

हेडफोनबद्दल तू बरंच विचारलं आहेस, त्याचं उत्तर थोडक्यात. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतात, आणि १२८ च्या एमपीथ्रीमध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. तानपुऱ्याच्या वरच्या नादावर त्याचा परिणाम आधी जाणवतो. जवारी पाण्यात बुडाल्यासारखी होते. फाईल अशी असेल तर महागड्या हेडफोनमधून तीच बुडालेली जवारी जास्त ठळक ऐकू येईल. आधी चांगली फाईल शोध, मग वायरचा साधा, मध्यम किमतीचा हेडफोन पुरेल.

आता काम. ‘जमुना के तीर’ खाँसाहेबांचं, न पुसलेलं, आणि त्याच ठुमरीचं भीमसेनजींचं मैफलीतलं ध्वनिमुद्रण, अशी दोन्ही घे. दोन्हींची पट्टी लिही. मग दोघे षड्जावर कसे येतात, किती वेळ थांबतात आणि तिथून कुठे निघतात, एवढंच टिप. आवाज कसा आहे त्याचा एकही गुण देऊ नकोस. एका ठिकाणी तीन मिनिटांची कैद आहे, दुसऱ्या ठिकाणी मोकळं रान आहे. त्यामुळे एकाच घराण्याच्या या दोन गळ्यांनी काय धरलं आणि काय सोडलं, ते तुला आपोआप दिसेल. ते टिपण गुरुजींना दाखव, आधी मामाला नको.

दिवाळीला येशील तेव्हा रविवार धरून ये. जुना बाजार भरलेला असतो, लाखेच्या तबकड्या कधीमधी निघतात. ७८ च्या तबकडीला लाँगप्लेची सुई लावायची नाही, तिला जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. ती मामाकडे आहे, म्हणून विकत घेऊ नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझा मामा