विमानतळाची विषारी माती : दानांग येथील शुद्धीकरण

जमिनीत मुरलेले विष काढावयाचे म्हणजे ती माती खणून दुसरीकडे नेऊन टाकावयाची, असाच उपाय बहुतेकांना सुचतो. त्याने विष नाहीसे होत नाही. त्याचा पत्ता तेवढा बदलतो. मातीतूनच विष सोडवून काढणारी 'थर्मल डिसॉर्प्शन' ही पद्धती व्हिएतनाममधील दानांग विमानतळावर कशी वापरली गेली, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

1962 ते 1971 या काळात अमेरिकेच्या सैन्याने तेथील जंगले निष्पर्ण करण्यासाठी 'एजंट ऑरेंज' हे तणनाशक विमानांतून फवारले. ते साठविण्याच्या व विमानांत भरण्याच्या जागी पुष्कळ सांडले. त्यातील डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. माती व गाळाच्या कणांना चिकटून ते दशकानुदशके टिकते. विमानतळालगतच्या तळ्यातील गाळातून ते माशांत आले आणि ते मासे खाणाऱ्यांच्या शरीरात शिरले. युद्ध संपून एक पिढी उलटली, तरी हे चालूच राहिले.

2012 मध्ये व्हिएतनाम व अमेरिका यांच्या सरकारांनी मिळून काम हाती घेतले. दूषित माती व गाळ खणून काँक्रीटच्या भिंतींच्या प्रचंड बंदिस्त कोठीत रचला आणि त्यात विजेवर तापणाऱ्या शेकडो नळ्या रोवल्या. ही भट्टी नव्हे. येथे माती जाळावयाची नसते. पुरेशी उष्णता मिळाली की कणांना चिकटलेले द्रव्य वाफ होऊन सुटते. त्यासाठी किमान 335 अंश सेल्सिअस तापमान ठरविले होते. परंतु ओल्या मातीचे तापमान 100 अंशांपाशी अडून बसते. पातेल्यात पाणी आहे तोवर भात करपत नाही, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तोच नियम येथे. सगळे पाणी उडून गेल्यावरच तापमान पुढे सरकते. म्हणून उष्णतेचा मोठा वाटा पाणी उकळण्यातच जातो.

बहुतांश डायॉक्सिन कोठीतच मोडले. उरलेली वाफ शोषून, थंड करून कोळशाच्या गाळण्यांतून नेली. मर्यादा होती एक लाख कोटी भागांत 150 भाग. 2018 मध्ये काम पूर्ण झाले, तोवर सुमारे 90,000 घनमीटर माती व गाळ स्वच्छ झाला होता. तो विमानतळाच्या भरावासाठी वापरला. एवढ्या तापलेल्या मातीतील सेंद्रिय अंश नष्ट होत असल्याने शेतीस ती लगेच उपयोगी पडत नाही.

खर्च दहा कोटी डॉलरांहून अधिक आला. ज्यांच्या शरीरात विष आधीच पोहोचले, त्यांच्यासाठी मात्र या पद्धतीत काहीही नाही, हे आम्हांस नमूद करावेसे वाटते. बियेन होआ विमानतळावरील दूषित माती दानांगपेक्षा कितीतरी अधिक आहे. तेथील काम दानांगनंतर सुरू झाले.