आधी परमिट, मग पार्टिशन

धाटाव, ता. रोहा

चि. ऋता हिस,


पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) रुजू झालीस, घरात सगळ्यांना आनंद झाला. उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि आकडेमोड लिनक्सवर बरी होते, म्हणून एकाच संगणकावर दोन्ही हवेत (ड्युअल बूट), हे तुझं म्हणणं पटलं. पायऱ्या सांगतो, पण पहिली पायरी संगणकावरची नाही.

इथे एमआयडीसीत वेल्डर कितीही मुरलेला असो, हॉट वर्क परमिटवर सह्या झाल्याशिवाय काम सुरू करत नाही. पाइपात काय उरलंय ते त्याला बाहेरून दिसत नाही. ज्याच्या ताब्यात प्लांट आहे त्याला ते ठाऊक असतं. संस्थेच्या नेटवर्कचंही असंच समज. तुझ्या टेबलावरचा संगणक कुठल्या नियमांनी बांधलाय, त्याची नोंद कुठे आहे, हे संगणक विभागाला माहीत. तेव्हा आधी त्यांना लेखी विचार: काय टाकणार, कशासाठी, आणि त्याची देखभाल कोण करणार.

होकार आला की आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घे आणि ती प्रत उघडते का ते पाहा. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर बूटची सेटिंग बदलताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि अशा वेळी लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर लिहिलं तर फायली बिघडू शकतात. लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी कर. लिनक्स टाकताना ईएफआय पार्टिशन मात्र फॉरमॅट करायचं नाही; दोन्ही प्रणाली तिथूनच सुरू होतात.

घड्याळाकडे विशेष लक्ष दे. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. लॉगिन तपासणारी केर्बेरॉस पद्धत एरवी ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडू शकतं. दोन्ही प्रणालींना वेळेची एकच रीत लावून दे.

दोन्ही प्रणालींत संगणकाची नावंही वेगळी ठेव. नेटवर्क कार्ड एकच असलं, तरी संस्थेच्या डोमेनमध्ये दोन्ही प्रणाली एकाच नावाने जोडल्या तर दुसरीची नोंद पहिलीचा गुप्त पासवर्ड बदलून टाकते आणि पहिली बाहेर पडते.

सिक्युअर बूट परस्पर बंद करू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या ड्युअल बूटच्या कित्येक संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. असं झालं तर विभागाला कळव. स्वतः संरक्षण काढून टाकणं हा उपाय नव्हे. लिनक्सचा बूट होणारा पेन ड्राइव्ह मात्र जवळ असू दे.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं. दोनपैकी जी प्रणाली तू उघडत नाहीस, तिचे अपडेट तुंबून राहतात. महिन्याने ती नेटवर्कवर आली की तिच्यातली जुनी भोकं फक्त तुझ्या संगणकाची राहत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं वर्षाचं कामही त्यातून धोक्यात येतं. म्हणून दर आठवड्याला दोन्ही उघडून अपडेट करायचे, कंटाळा आला तरी.

विभागाने नकार दिला तर वाद घालू नकोस. व्हर्च्युअल मशीन चालेल का, संस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर खातं मिळेल का, ते विचार. तुला लिनक्स हवं आहे ते संशोधनासाठी, आणि ते काम या वाटांनीही बहुतेक होतं. हुशारीने बंधन चुकवणारा माणूस प्रयोगशाळेत फार दिवस विश्वासाचा राहत नाही. सांगून-सवरून काम करणाऱ्याच्या हाती हळूहळू मोठी यंत्रंही देतात. तू त्या दुसऱ्या जातीची हो, एवढंच मागणं आहे.

विभागाचं उत्तर आलं की कळव. प्रकृतीला जप.

तुझा,
मामा