अकरावीत गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की समुपदेशकांकडे पालकांची रीघ लागते आणि प्रश्न ठरलेला असतो: "मुलीला डॉक्टरच करायचंय. गणित सोडलं तर नीटचा अभ्यास हलका होईल ना?"

होईल. पण नीटला दरवर्षी 20 लाखांहून अधिक मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी हे पुढचे रस्ते सगळ्यांना ठाऊक असतात. मेडिकल फिजिसिस्ट मात्र कुणाला आठवत नाही.

त्याचं काम तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या किरणोपचारात पाहावं. रुग्णाच्या चेहऱ्यावर जाळीदार मास्क घट्ट बसवून सीटी स्कॅन काढतात, गरजेप्रमाणे त्यावर एमआरआय किंवा पेट स्कॅनच्या प्रतिमा जुळवतात. डॉक्टर गाठीची सीमा आखतात. किरण कुठून आणि किती सोडायचे, याचं गणित फिजिसिस्ट मांडतो. गाठीला 70 ग्रेपर्यंत (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा, पण शेजारच्या मज्जारज्जूला साधारण 45च्या आत. कानाजवळच्या लाळग्रंथीला सरासरी 26 ग्रेपेक्षा कमी मात्रा गेली, तर लाळ बऱ्याच अंशी परत येते. नाहीतर भाकरीचा घास वर्षानुवर्षं पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो.

सहा-सात आठवड्यांच्या उपचारात वजन घटतं, गाठ आक्रसते, मास्क सैल होतो. मशिनवरच घेतलेल्या कोन बीम सीटीत हा फरक दिसला की गरजेनुसार प्लॅन नव्याने करतात.

उपचारानंतरही प्रतिमाच वाट दाखवते. ब्रिटनमध्ये 564 रुग्णांवरची चाचणी 2016मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटात मानेची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली होती. दुसऱ्यात केमो-रेडिएशननंतर 12 आठवड्यांनी पेट-सीटी पाहून गरज असेल तरच. पहिल्यात 221 शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात 54. जगण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच राहिलं.

इथवर पोचायला नीट लागत नाही. फिजिक्समध्ये बीएस्सी, मग एमएस्सी, त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि रुग्णालयात वर्षभर इंटर्नशिप. मुंबईत अणुशक्तीनगरला भाभा अणुसंशोधन केंद्रात हा डिप्लोमा 1962पासून चालतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार मेडिकल फिजिसिस्टशिवाय रेडिओथेरपी केंद्र चालवताच येत नाही.

बारावीला गणित नसेल, तर फिजिक्सची पदवीच अवघड होऊन बसते. पंधरा वर्षांच्या मुलीचा हा रस्ता पालकांनी आपल्या धास्तीपायी बंद करू नये. प्रवेश अर्ज भरण्याआधी तिला एकदा विचारा, गणित आवडतं का. आवडत असेल, तर ते राहू द्या.