कळलावीचा वेल : बागेतील व कुंडीतील लागवड

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणातील कुंपणांच्या कडेने व झुडुपांच्या जाळीत एक नाजूक हिरवा कोंब वर येतो. पाहता पाहता तो शेजारच्या झुडुपावर चढतो आणि श्रावण-भाद्रपदात त्यावर ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुले डोलू लागतात. हाच कळलावीचा वेल होय. काही भागांत यास खड्यानाग असेही म्हणतात. संस्कृतात फुलावरून ‘अग्निशिखा’ आणि नांगरासारख्या दिसणाऱ्या कंदावरून ‘लांगली’ ही नावे यास मिळाली आहेत. तामिळनाडूने या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

हा वेल घरात आणला की भांडण लागते, अशी समजूत अनेक गावांत आहे व त्यामुळे तो बागेत लावण्यास लोक कचरतात. भांडणाची भीती निराधार आहे. परंतु या वेलीचे खरे भय निराळे आहे व ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. कळलावीचा कंद, बी, पान, फूल, सर्व भाग अत्यंत विषारी आहेत. म्हणून लागवडीची माहिती घेताना सावधगिरीची माहितीही तितक्याच काळजीने घेणे अवश्य आहे.

वेलीची ओळख

कळलावीचा कंद पांढरट-तपकिरी, मांसल व बहुधा दोन शाखांचा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. प्रत्येक शाखेच्या टोकाशी एकच डोळा असतो. नवीन कोंब व मुळे तेथूनच फुटतात. तो डोळा मोडला तर त्या शाखेपासून वेल उगवत नाही. दरवर्षी जुना कंद सुकून जातो व त्याच्या जागी नवीन कंद तयार होतो.

या वेलीस निराळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांब होऊन वळते व जवळच्या आधारास विळखा घालते. फुलास सहा लहरदार पाकळ्या असून त्या मागे वळलेल्या असतात. फूल उमलताना पाकळ्यांचा रंग हिरवट-पिवळा असतो व पुढे तो तळाकडे पिवळा राहून वर लाल होत जातो. त्यामुळे एकाच वेलीवर निरनिराळ्या छटांची फुले एकाच वेळी दिसतात.

हवामान व जमीन

या वेलीस उष्ण व दमट हवा मानवते. कडाक्याची थंडी व हिमकण तो सोसत नाही. थंड देशांत यासाठी तो काचगृहात कुंडीत वाढवितात व हिवाळ्यात कंद काढून ठेवतात. महाराष्ट्रात थंडीची अडचण क्वचितच येते. येथे खरा शत्रू म्हणजे साचलेले पाणी. पाणी तुंबणाऱ्या भारी काळ्या जमिनीत कंद हमखास कुजतो. म्हणून तांबडी, वालुकामय व उत्तम निचऱ्याची जमीन निवडावी. भारी जमीनच असल्यास उंच वाफे करून त्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. सकाळचे ऊन व दुपारची विरळ सावली मिळेल अशी जागा उत्तम.

कंदांची निवड व लागवड

पन्नास ते साठ ग्रॅम वजनाचे, टणक व डोळा शाबूत असलेले कंद घ्यावेत. कंद ठिसूळ असतात, म्हणून ते टोपलीत भुसा किंवा कोरडी वाळू घालून न्यावेत. दोन शाखा वेगळ्या करावयाच्या असल्यास सांध्यावर स्वच्छ चाकूने कापून जखमेस राख लावावी व दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावे. लावण्यापूर्वी कंदांना ट्रायकोडर्मा भुकटी चोळल्यास कूज रोखण्यास मदत होते.

लागवड मृगाच्या सरींनंतर, जून-जुलै महिन्यांत करावी. पाच ते सात सेंटिमीटर खोल चरात कंद आडवा ठेवून वरून मोकळी माती लोटावी. दोन वेलींत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर असावे. कोंब वर येऊ लागल्यावर त्यास धक्का लागू देऊ नये, कारण मोडलेल्या कोंबाच्या जागी दुसरा येण्याची खात्री नसते. या कारणाने खुरपणी हाताने व जपून करावी.

बियांपासूनही वेल तयार होतो. परंतु बी सावकाश रुजते व फुले येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून हौशी बागाईतदारास कंदच सोयीचे होत.

कुंडीतील लागवड

ज्यांच्या घरी अंगण नाही त्यांनी निदान ३० सेंटिमीटर रुंद व तितक्याच खोलीची, बुडास छिद्रे असलेली कुंडी घ्यावी. तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. कुंडीत एकच कंद, डोळा कडेस टेकणार नाही अशा रीतीने आडवा ठेवावा. कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर राखावी. वाढ सुरू झाल्यावर पाणी वाढवावे. मात्र कुंडीखालील थाळीत पाणी साचू देऊ नये. दर पंधरा दिवसांनी शेणाचे पातळ पाणी दिल्यास फुले भरघोस येतात.

आधार

या वेलीस आधार वेळेवर व योग्य जाडीचा मिळाला पाहिजे. पानांची टोके नाजूक असल्याने जाड खांबास ती विळखा घालू शकत नाहीत. पेन्सिलीहून बारीक काड्या, सुतळी किंवा तार हाच खरा उपयोगी आधार होय. तुराट्या व पऱ्हाट्या यांकरिता उत्तम, कारण त्यांना बारीक फांद्या असतात. आधार कंद लावतानाच रोवावा. मागाहून रोवल्यास कंदास इजा होते. कुंडीतील वेल वाऱ्याच्या माऱ्यापासून दूर ठेवावा.

फुले, फळे व विश्रांती

लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांत फुले येऊ लागतात. या फुलाची स्त्रीकेसराची नलिका तळाशी काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जाते. त्यामुळे आपल्याच परागांनी फलन होणे कठीण असते व फुलपाखरे, छोटे पक्षी यांची मदत लागते. बी हवे असल्यास सकाळी मऊ कुंचल्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या स्त्रीकेसराच्या टोकावर लावावेत. तामिळनाडूत दिंडिगल, करूर, तिरुप्पूर या जिल्ह्यांतील शेतकरी बियांसाठी ही लागवड मोठ्या क्षेत्रावर करतात व तेथे हेच काम मजूर रोज सकाळी हाताने करतात.

पावसाळा संपल्यावर पाने पिवळी पडून वेल सुकतो. तो मेला असे समजून कुंडी फेकून देऊ नये. पाणी बंद करावे व कंद कोरड्या मातीतच मे अखेरपर्यंत निजू द्यावा. त्यानंतर तो नवीन मातीत लावावा.

कीड व रोग

काळ्या अंगावर पांढरे व तांबूस ठिपके असलेल्या अळ्या या वेलीची पाने व कळ्या वेगाने फस्त करतात. रोज पाहणी करून त्या हातमोजे घालून वेचाव्यात व साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. प्रादुर्भाव अधिक असल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. कंद कुजणे हा मुख्य रोग असून निचरा हाच त्यावरील उत्तम उपाय आहे.

विषबाधेचा धोका

कळलावीतील कोल्चिसिन हे द्रव्य वातरक्तावरील औषधात व वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्याच्या संशोधनात उपयोगी पडते. बियांचा व्यापार त्यामुळेच चालतो. परंतु औषध व विष यांतील अंतर येथे फार थोडे आहे. कंद रताळ्यासारखा किंवा रानातील खाद्यकंदासारखा दिसतो व चुकून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही.

खाल्ल्यानंतर काही तासांनी घशात जळजळ, उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे रुग्णास थोडे बरे वाटू शकते. पण त्यानंतरच मूत्रपिंड, रक्त व हृदय यांवर परिणाम दिसू लागतो. सबब लक्षणांची वाट न पाहता, व बरे वाटले तरी, रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा सोबत द्यावा. प्रसूती सुलभ व्हावी म्हणून कंद उगाळून लावण्याची जुनी चाल आहे, तीही सोडून द्यावी. प्रसूती दवाखान्यातच व्हावी.

वेल मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर लावावा. कंद हाताळताना हातमोजे घालावेत व हात साबणाने धुवावेत. कंद स्वयंपाकघरात किंवा बटाटे-रताळ्यांजवळ कदापि ठेवू नयेत. डब्यावर ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे.

ग्रामसेवकांसाठी

कंद व बी व्यापाऱ्यास विकण्यासाठी रानातील वेली मुळासकट उपटल्या गेल्याने कळलावी अनेक ठिकाणी दुर्मिळ झाली आहे. गावात कोणी हौसेने लावू इच्छित असल्यास रोपवाटिकेतील कंद घेण्यास सांगावे, रानातून खणून आणण्यास प्रोत्साहन देऊ नये. बियांचा भाव मोठ्या प्रमाणात खाली-वर होत असल्याने खात्रीचा खरेदीदार मिळाल्याखेरीज शेतात मोठी लागवड करण्याचा सल्लाही देऊ नये. पावसाळ्याच्या आरंभी शाळेत व ग्रामसभेत हा वेल लोकांना दाखवावा. फूल ओळखणारे पुष्कळ असतात. कंद ओळखणारे थोडे, आणि जीव वाचतो तो कंद ओळखल्याने.